नगरपंचायतीचं टेंडर आणि शहराचा आराखडा: काम कुठं ठरतं, आपण बोलायचं कधी?

तालुक्याच्या गावात रस्ता खोदला की चौकात चर्चा सुरू होते. काम कुणाला सुटलं, किती टक्क्यांनी सुटलं, नाली उलट्या उताराला का काढली. शहराला लागून असलेल्या शेतात मोजणीवाले उभे राहिले की मग कळतं, आपल्या गटातून आराखड्यात रस्ता दाखवलाय. पण जेसीबी यायच्या कितीतरी आधी हे काम कागदावर ठरलेलं असतं. त्या कागदी प्रवासात सामान्य माणसानं बोलायच्या जागा कायद्यानंच ठेवल्या आहेत. त्या जागा थोड्या आहेत आणि मुदतीच्या आहेत. मुदत गेली की नंतर मोर्चा काढून हाती फारसं लागत नाही. म्हणून कामाचा कागद कसा फिरतो, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

ठराव कोण करतं, सही कोण करतं

राज्यातल्या छोट्या शहरांचा कारभार महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्यानं चालतो. लोकसंख्या १ लाखाच्या वर असेल तर अ वर्ग नगरपरिषद, ४० हजार ते १ लाखापर्यंत ब वर्ग आणि त्याखाली क वर्ग. गावाचं शहर होत असलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते. २०१४ नंतर तालुक्याचं मुख्यालय असलेल्या अनेक ग्रामपंचायतींची नगरपंचायत झाली. नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात.

नगराध्यक्ष आणि नगरसेवक लोकांमधून निवडून येतात. मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी असतो. कोणतं काम करायचं याचा ठराव सभा करते. टेंडर काढणं, कार्यारंभ आदेश देणं, बिल काढणं हे मुख्याधिकाऱ्याच्या कार्यालयातून होतं. निवडणूक वेळेवर झाली नाही तर प्रशासक बसतो आणि सभेचे अधिकारही त्याच्याकडंच जातात. २०२१-२२ पासून पुढं राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांनी असा काळ काढला. तेव्हाचे ठराव प्रशासकाच्या सहीचे आहेत. जुन्या कामाची चौकशी करताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली की ग्रामसभा संपते. पूर्वी गावकरी उभा राहून हिशोब विचारायचा, तो विचारायची जागा बदलते. आता विचारायचं ते लेखी अर्जानं, हरकतीनं आणि माहिती अधिकारानं.

पैसा येतो कुठून

घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं हे नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. छोट्या शहरात ते पगार, दिवाबत्ती आणि पाण्याच्या वीजबिलालाच पुरत नाही. मोठी कामं होतात ती नगरोत्थान, वित्त आयोग, नागरी दलित वस्ती सुधार, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी यांतून. प्रत्येक निधीचे नियम वेगळे. म्हणून कोणत्याही कामाबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा, की हे काम कोणत्या लेखाशीर्षातून आहे? एकाच रस्त्यावर दोन वेगवेगळ्या निधीतून खर्च दाखवला असेल तर तो याच प्रश्नानं उघडा पडतो.

एका रस्त्याचा कागदावरचा प्रवास

१. मागणी आणि ठराव: प्रभागातून मागणी येते, सभेपुढं विषय येतो, ठराव होतो.

२. अंदाजपत्रक: अभियंता जागेवर मोजमाप घेऊन शासनाच्या दरसूचीप्रमाणे खर्च काढतो. लांबी, रुंदी, जाडी, खडी, सिमेंट सगळं यात लिहिलेलं असतं.

३. तांत्रिक मान्यता: अंदाजपत्रक बरोबर आहे का, हे वरचा सक्षम अभियंता तपासून सही करतो.

४. प्रशासकीय मान्यता: निधी देणारा सक्षम अधिकारी कामाला आणि रकमेला मंजुरी देतो.

५. निविदा: ठरलेल्या रकमेच्या वरचं काम ई-टेंडरनंच द्यावं लागतं. ही मर्यादा शासन निर्णयानं बदलत असते, म्हणून त्या वर्षी लागू असलेला निर्णय बघावा. राज्याची ई-टेंडर 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर असतात. पंखे, संगणक, दिवे अशा वस्तूंची खरेदी 'जेम' पोर्टलवरून होते.

६. लिफाफे उघडणं: पहिला लिफाफा तांत्रिक. त्यात ठेकेदाराची नोंदणी, अनुभव, यंत्रसामग्री, बयाणा रक्कम बघतात. जे पात्र ठरतात त्यांचाच दुसरा, म्हणजे दराचा लिफाफा उघडतो. सगळ्यात कमी दर त्याला काम.

७. कार्यारंभ आदेश: सुरक्षा ठेव भरून करारनामा होतो. काम किती महिन्यांत संपवायचं, उशीर झाला तर दंड किती, हे त्यात असतं.

८. मोजमाप पुस्तिका: सगळे तिला एमबी म्हणतात. झालेलं काम कनिष्ठ अभियंता मोजून यात लिहितो. बिल निघतं ते या पुस्तिकेवरून. रस्ता जमिनीवर असतो, पण पैसा एमबीतून निघतो.

९. तपासणी आणि बिल: बऱ्याच कामांना त्रयस्थ संस्थेची तांत्रिक तपासणी लागते. ती बहुतेक वेळा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतन करतं.

१०. दोष दायित्व कालावधी: लोक याला गॅरंटी म्हणतात. या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. किती वर्षं, हे करारनाम्यात असतं. गॅरंटीतल्या रस्त्यावर नगरपंचायतीनं पुन्हा डागडुजीचं टेंडर काढलं तर तो सरळ सरळ दुबार खर्च.

'किती टक्क्यांनी गेलं' म्हणजे काय

छोट्या कामांत ठेकेदार अंदाजपत्रकाच्या किती टक्के कमी किंवा जास्त दरात काम करणार, ते लिहितो. २० लाखांचं काम १८ टक्के कमी दरानं गेलं, तर ते १६ लाख ४० हजारांना गेलं. कमी दर म्हणजे नगरपंचायतीचा फायदा, असं वरवर दिसतं. पण फारच कमी दर असेल तर तो माल कुठून भरून काढणार, हा प्रश्न उरतो. म्हणूनच अति कमी दराच्या निविदेला जादा सुरक्षा ठेव घेतात. अशा कामावर लोकांनी जास्त लक्ष ठेवावं.

उलटं पण बघावं. प्रत्येक टेंडर अंदाजपत्रकाच्या आसपासच सुटत असेल, दरवेळी तेच तीन ठेकेदार भरत असतील आणि आळीपाळीनं एकेकाला काम लागत असेल, तर त्याला बोलीभाषेत 'रिंग' म्हणतात. तीन निविदा आल्या म्हणजे स्पर्धा झाली, असं कागद म्हणतो. तिघं एकाच हॉटेलात बसून दर ठरवत असतील तर स्पर्धा नावालाच.

घोळ बहुतेक कुठं होतो

कामाचे तुकडे: समजा ई-टेंडरची मर्यादा १० लाख आहे आणि रस्ता २४ लाखांचा आहे. 'अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत' असे ८-८ लाखांचे तीन तुकडे केले की ई-टेंडर टळतं. सभेच्या विषयपत्रिकेत एकाच गल्लीची तीन कामं एकापाठोपाठ दिसली की विचारावं.

अटी: टेंडरमध्ये स्वतःचा डांबर प्लांट किंवा काँक्रीट प्लांट अमुक किलोमीटरच्या आत हवा, अशी अट टाकली की बाकीचे आपोआप गळतात. मोठ्या कामाला अशी अट लागू शकते. गल्लीतल्या नालीला कशाला?

तांत्रिक लिफाफ्यात बाद करणं: एखादा कागद कमी म्हणून एकाला बाद केलं आणि तसाच कागद नसताना दुसऱ्याला पात्र केलं, असं झालंय का, हे छाननीच्या तक्त्यावरून कळतं.

तातडीचा अधिकार: कायद्याच्या कलम ५८(२) नं नगराध्यक्षाला आणीबाणीत काम करून घ्यायचा अधिकार आहे. पूर आला, पाइपलाइन फुटली, तर तो लागतोच. पण नंतर ते सभेपुढं ठेवावं लागतं. दर महिन्याला तातडी निघत असेल तर ती तातडी राहत नाही.

घरचा ठेकेदार: नगरसेवकाचा नगरपंचायतीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा आडून हिस्सा असेल तर १९६५ च्या कायद्यानं तो अपात्र ठरू शकतो. ग्रामपंचायत सदस्याला हाच नियम महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नं लागू आहे. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं करायची असते. नुसतं 'सगळ्यांना माहीत आहे' म्हणून भागत नाही. भागीदारीची कागदपत्रं, बँकेतले व्यवहार असा पुरावा लागतो.

टेप आणि वहीनं होणारी तपासणी

इंजिनिअर नसलेल्या माणसालाही बरंच मोजता येतं. समजा गल्लीतला सिमेंट रस्ता २०० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाड मंजूर आहे. २०० गुणिले ३.५ गुणिले ०.१५ म्हणजे १०५ घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात जाडी १० सेंटीमीटर घातली तर काँक्रीट लागतं ७० घनमीटर. वरून रस्ता तसाच गुळगुळीत दिसतो. पण ३५ घनमीटर, म्हणजे तिसरा हिस्सा माल कमी पडलेला असतो.

एका मिक्सर गाडीत ६ घनमीटर माल येतो असं धरलं, तर या रस्त्याला १७-१८ गाड्या यायला पाहिजेत. किती आल्या, हे गल्लीतला म्हातारा माणूसही ओट्यावर बसून मोजू शकतो. जाडी बघायची वेळ म्हणजे काम चालू असताना, कडेची पट्टी लावलेली असते तेव्हा. टेप लावून, तारखेसह फोटो काढावा. काँक्रीट पडल्यावर जाडी बघायची तर रस्ता कोरून नमुना घ्यावा लागतो आणि त्याला अधिकाऱ्याचा आदेश लागतो.

कामाच्या जागी माहिती फलक असावा. कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, सुरू आणि संपायची तारीख, गॅरंटी किती, हे त्यावर पाहिजे. फलक नसेल तर पहिली लेखी तक्रार त्याचीच करावी. फलक लागला की पुढचं बोलायला आधार मिळतो.

जळगावात काय झालं

ठराव आणि ठेक्यात चूक झाली तर गावाला किती वर्षं भोगावं लागतं, याचं मोठं उदाहरण राज्यातच आहे. जळगावला महापालिका व्हायच्या आधी, १९९० च्या दशकाच्या शेवटी, तिथल्या नगरपालिकेनं कर्ज काढून हजारो घरकुलांची योजना हाती घेतली. बरीचशी घरं पूर्ण झालीच नाहीत. २००६ मध्ये तेव्हाच्या महापालिका आयुक्तांनी पोलिसांत फिर्याद दिली. गैरव्यवहाराची रक्कम सुमारे २९ कोटी सांगण्यात आली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं माजी मंत्री आणि माजी नगरसेवकांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. निकालाविरुद्ध पुढं उच्च न्यायालयात अपिलं झाली.

इथं नगरसेवकांनी ध्यानात घ्यायची गोष्ट एकच. दोषी ठरलेल्यांत ठेकेदाराबरोबर सभागृहात बसणारेही होते. ठरावाला हात वर करणं ही पण जबाबदारी आहे. ज्याला ठराव पटत नाही त्यानं आपला विरोध इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्यावा. आणि शहराला हे प्रकरण पडलं ते असं, की घरं अर्धवट राहिली तरी कर्जाचे हप्ते राहिलेच.

शहराचा आराखडा: शेतकऱ्याचा खरा प्रश्न

रस्ता खराब झाला तर पाच वर्षांनी पुन्हा होतो. आराखड्यातली रेघ मात्र २० वर्षं हलत नाही. शहराचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार होतो. लोक त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. कुठं रहिवास, कुठं शेती, कुठून रस्ता, कुठं शाळा, बगीचा, दफनभूमी, बाजार, हे सगळं त्या नकाशात ठरतं. नगरपंचायत झाली किंवा हद्दवाढ झाली, की हद्दीतले शेतीचे गट पण यात येतात.

आधी नगरपंचायत आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज जमीन कशाला वापरात आहे, याचा नकाशा तयार होतो. आपली विहीर, घर, गोठा, वहिवाटीचा रस्ता त्यात आला का, हे याच वेळी बघावं. पुढं प्रारूप आराखडा कलम २६ नुसार राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस देऊन प्रसिद्ध होतो. तिथून हरकतीला ३० दिवस मिळतात.

हे ३० दिवस सगळ्यात महत्त्वाचे. नोटीस छोट्या अक्षरात येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हरकत लेखी द्यावी. गट नंबर, क्षेत्र, सातबारा, मोजणीचा नकाशा, फोटो जोडावे. नुसतं 'आमच्यावर अन्याय झाला' असं लिहू नये. रस्ता सरकारी जागेतून नेता येतो का, आरक्षणाला शेजारी गायरान आहे का, एकाच शेतकऱ्याची सगळी जमीन जाते का, असा मुद्दा आणि पर्याय द्यावा. अर्जात 'मला समक्ष सुनावणी हवी' हे वाक्य न विसरता लिहावं. पोच घेऊन जपून ठेवावी.

हरकतींची सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात नगरपंचायतीचे सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार असतात. त्यानंतर आराखडा शासनाकडं जातो आणि कलम ३१ नुसार मंजूर होतो. शासनानं त्यात मोठे बदल केले तर त्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवतात. नंतर एखादाच फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ आहे आणि त्यालाही एक महिना हरकतीचा असतो. आपल्या गटावरचं आरक्षण उठलं म्हणून आनंद होतो, पण शेजाऱ्याचं आरक्षण उठून आपल्या गटावर कधी सरकलं, ते याच नोटिशीत कळतं.

आरक्षण पडलंच तर

आरक्षण पडलं म्हणून जमीन लगेच जात नाही आणि शेती करायला बंदी होत नाही. पण आरक्षणाविरुद्ध बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि जमिनीचा भाव पडतो. नगरपंचायतीला ती जागा घ्यायची तर तीन वाटा आहेत. समजुतीनं मोबदला देऊन, हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर देऊन, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं. टीडीआर घेताना छोट्या शहरात तो विकत घेणारा कुणी आहे का, हे आधी बघावं.

आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. नुसता ठराव केला किंवा प्रस्ताव पाठवला, एवढ्यानं पाऊल उचललं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलंय. ही नोटीस मालकी हक्काच्या कागदांसह, वकिलाला दाखवूनच द्यावी.

शहराजवळ प्लॉट घेणाऱ्यानं एजंटच्या 'यलो झोन आहे' या शब्दावर जाऊ नये. झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो, तो आधी काढावा.

ग्रामपंचायत हद्दीत असाल तर

गावात कामं ठरतात ती गाव विकास आराखड्यात, आणि तो ग्रामसभेत मांडावा लागतो. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला आणि ४० टक्के मोकळा, असा हिशोब होता. आपल्या गावचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर किंवा 'मेरी पंचायत' ॲपवर बघता येतो. तिथं पूर्ण दाखवलेलं काम गावात आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

माहिती कशी मागायची, तक्रार कुठं करायची

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये फी आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना ती माफ आहे. राज्याच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'सगळ्या कामांची सगळी माहिती द्या' असा अर्ज फिरत राहतो. एका रस्त्याचं नाव घालून एवढंच मागावं: अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदेचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, एमबीची पानं, चाचणी अहवाल आणि दिलेली बिलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. २०१८ च्या शासन निर्णयानं दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयात जाऊन कागद बघताही येतात.

तक्रार पहिल्यांदा मुख्याधिकाऱ्यांकडं, पोच घेऊन. मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेकडं. सभेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. अशी मागणी काम सुरू व्हायच्या आधी केली तरच उपयोग. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

वहीत लिहून ठेवायच्या वेळा

• फेब्रुवारी: नगरपंचायतीचा अर्थसंकल्प. प्रभागातलं काम त्याआधी लेखी मागावं.
• सभेची विषयपत्रिका निघते तेव्हा: तुकडे आणि तातडीची कामं बघावीत.
• टेंडर चालू असताना: महाटेंडर्सवर अटी आणि मुदत बघावी.
• काम चालू असताना: फलक, जाडी, गाड्यांची संख्या.
• गॅरंटी संपायच्या आधी: उखडलेल्या जागेचे फोटो जोडून दुरुस्तीची लेखी मागणी.
• आराखड्याची नोटीस: ३० दिवस. त्यातला पहिला आठवडा सातबारा आणि नकाशा काढण्यातच जातो, म्हणून नोटीस आली त्याच दिवशी कामाला लागावं.